मोंगाकूचा संन्यास कापला जातो तेव्हा : पॅरिस १९००, कावाकामी मंडळीचं प्रकरण

केसाची गोष्ट जपानमध्ये जुनी आणि सर्वांच्या ओळखीची. एंदो मोरितो नावाचा तरुण योद्धा दुसऱ्याच्या बायकोवर भाळतो. ती केसा. तो हट्टाला पेटतो, धमक्या देतो, तेव्हा ती म्हणते, माझ्या नवऱ्याला मार म्हणजे मी मोकळी झाले. रात्री या खोलीत ये, ओल्या केसांचं डोकं हाताला लागेल, ते त्याचं समज. एंदो अंधारात वार करतो, डोकं घेऊन बाहेर येतो आणि उजेडात बघतो तर ते केसाचं. नवऱ्याच्या अंथरुणावर ती स्वतः निजलेली असते. एंदो तलवार टाकतो, डोकं भादरतो आणि पुढे मोंगाकू नावाचा मोठा संन्यासी होतो. आपल्याकडचा वाल्याचा वाल्मीकी आठवावा, त्या जातीची कथा.

१९०० च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओतोजिरो कावाकामी या जपानी नटाच्या मंडळीने ही गोष्ट नाटक म्हणून लावली. तिथला एंदो संन्यास घेत नसे. तो तिथल्या तिथे बसून पोटात खंजीर खुपसून घेई आणि पडदा पडे. मंडळीच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे १२३ दिवसांत ३६९ प्रयोग झाले, म्हणजे दिवसाला तीन. सगळेच 'केसा'चे नव्हते, पण मरण बहुतेक प्रत्येक खेळात होतं.

वाल्याला वाल्मीकी होऊ न देता मारून टाकायचं, हे कोणी ठरवलं? मालकाने, ठेकेदाराने की तिकीट काढून बसलेल्या माणसाने? या प्रकरणाचा अभ्यास करावासा वाटला तो या एका प्रश्नासाठी. याचं जे उत्तर सहसा दिलं जातं, भोळ्या पूर्वेकडच्या कलावंतांना पश्चिमेने वापरून घेतलं, ते मला अर्धवट वाटतं. ओतोजिरो कावाकामीला भोळा म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे.

मंडळी कोण होती

ओतोजिरोचा जन्म १८६४ चा, क्युशूतल्या हाकाता गावचा. तरुणपणी लोकहक्कांच्या चळवळीत भाषणं ठोकायचा आणि पोलिस त्याला उचलून न्यायचे. भाषणाला बंदी झाली की तोच मजकूर तो गाण्यात घालायचा. 'ओप्पेकेपे' या त्याच्या टवाळीच्या गाण्याने त्याला घराघरात पोचवलं. डोक्याला पट्टी, हातात लाल सूर्याचा पंखा आणि तोंडात सरकारची, नवश्रीमंतांची, इंग्रजाळलेल्या बायाबापड्यांची रेवडी. शाहिराने डफावर थाप मारून साहेबाची फिरकी घ्यावी तसला प्रकार.

तिथून तो नाटकात आला, पण काबुकीत, म्हणजे जपानच्या जुन्या पारंपरिक नाटकात, नव्हे. काबुकी घराण्यांची मालमत्ता होती. नाव, भूमिका, उभं राहण्याची ढब, डोळे फिरवण्याची जागा, सगळं बापाकडून मुलाकडे जायचं. बाहेरच्याला तिथे दार बंद, आणि ओतोजिरोला त्या दारात उभं राहायचंही नव्हतं. त्याची नाटकं ताज्या बातम्यांवरची. १८९३ मध्ये तो काही महिने पॅरिसला जाऊन तिथली थिएटरं पाहून आला. पुढच्या वर्षी चीनशी युद्ध पेटलं आणि त्याच्या युद्धनाटकाने, धूर-फटाके-बंदुकांसकट, तुफान गल्ला केला. १८९६ मध्ये तोक्योत स्वतःचं पाश्चात्त्य धाटणीचं थिएटर बांधलं आणि कर्जात गळ्यापर्यंत बुडाला. १८९८ मध्ये संसदेच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. मग बायकोला एका चिमुकल्या होडीत घालून किनाऱ्याकिनाऱ्याने, वादळं खात, तोक्योहून कोबेकडे निघाला. वर्तमानपत्रांना बातम्या मिळत गेल्या. देणेकऱ्यांना चुकवणं आणि जाहिरात करणं ही दोन्ही कामं एकाच होडीत उरकणारा माणूस होता हा.

बायको सादा, पुढे सादायाक्को या नावाने गाजलेली, जन्म १८७१. लहानपणीच गेशाघरात दत्तक गेलेली, नाचगाण्यात तयार झालेली. पंतप्रधान इतो हिरोबुमी हे एकेकाळी तिचे आश्रयदाते. ओतोजिरोशी लग्न झाल्यावर तिने तो व्यवसाय सोडला होता. नटी म्हणून तिने जपानमध्ये नाव काढलेलं नव्हतं, कारण नटी ही जातच जवळपास नव्हती. १६२९ मध्ये बायकांना काबुकीच्या मंचावरून हटवण्यात आलं, ते अडीचशेहून अधिक वर्षं तसंच राहिलं. १८९० च्या सुमारास बंदी कागदावरून उठली तरी चाल मोडली नाही. स्त्रीपार्ट पुरुषच करत, त्यांना ओन्नागाता म्हणत. बालगंधर्वांच्या मुलखात याचा अर्थ उलगडून सांगायला नको.

एप्रिल १८९९ मध्ये मंडळी एका जपानी ठेकेदाराच्या बोलावण्यावरून सॅन फ्रान्सिस्कोला निघाली. सादा मालकाची बायको म्हणून सोबत होती, फार तर थोडं नाचेल. तिकडे उतरल्यावर दिसलं की जाहिरातींत झळकते आहे तीच. अमेरिकेला पुरुषाने केलेली बाई नको होती, खरी गेशा हवी होती. म्हणजे बघा, सादायाक्को ही नटी झाली ती पोस्टरवर आधी आणि मंचावर नंतर. गिऱ्हाइकाच्या मागणीने मालात केलेला हा पहिला बदल, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा. पुढचं सगळं याच्या पोटात आहे.

अमेरिकेतले हाल थोडक्यात सांगतो. तिथल्या व्यवस्थापकाने गल्ला घेऊन पोबारा केला. हॉटेलची बिलं थकली. ओतोजिरोची लहान पुतणी त्सुरू सोबत होती. तिला पोसणं शक्य होईना, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका जपानी चित्रकाराकडे दत्तक देऊन मंडळी पुढे निघाली (हीच मुलगी पुढे त्सुरू आओकी या नावाने हॉलिवूडमध्ये नटी झाली). शिकागोत उपाशीपोटी प्रयोग केला. मारामारीत पडलेले नट भुकेने उठेनात आणि प्रेक्षकांना तो अस्सल अभिनय वाटला, असं ओतोजिरो पुढे रंगवून सांगे. त्याचं सांगणं मिठाच्या खड्यासोबत घ्यावं. बॉस्टनमध्ये मंडळीतले दोन नट वारले, ते मात्र खरं. दोघंही ओन्नागाता होते. एकाच्या मृत्यूचं कारण तोंडाला फासायच्या पांढऱ्या रंगातलं शिसं होतं असं सांगतात. स्त्रीपार्टी नटच उरले नाहीत, तेव्हा सादावरचा भार आणखी वाढला.

बॉस्टनमध्येच आणखी एक गोष्ट झाली. हेन्री अर्व्हिंग आणि एलन टेरी हे इंग्लंडचे नावाजलेले नट तिथे शेक्सपियरचं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' करत होते. ओतोजिरोने ते पाहिलं आणि लगेच कोर्टाचा प्रवेश जपानी करून लावला. शायलॉकचा साइरोकु झाला, पोर्शिया सादा. तालमीला वेळ नव्हता, संवाद लिहायलाही. नटांनी तोंडाला येईल ते जपानी पुटपुटलं आणि हातवारे तेवढे नेमके ठेवले. प्रेक्षक खूश झाले आणि अर्व्हिंगकडून लंडनसाठी ओळख करून देणारं पत्र मिळालं. नाटक कंपनीच्या मालकाला यातून काय कळलं असेल? परदेशात शब्द हे सामान निव्वळ ओझं आहे. तिथून पुढे हे ओझं त्याने उतरवायला घेतलं.

प्रेक्षक काय घेऊन आला होता

युरोपातला प्रेक्षक कोऱ्या पाटीने येत नव्हता. १८६६ मध्ये जपान सरकारने सामान्य माणसांना परदेशप्रवासाची पारपत्रं द्यायला सुरुवात केली, तेव्हा ती पहिल्यांदा मिळालेल्यांत कसरतवाले आणि जादूगार होते. पुढच्याच वर्षी ते पॅरिसच्या प्रदर्शनात उड्या मारत होते. त्यापाठोपाठ लाकडी ठशांची चित्रं आली, पंखे आले, चिनीमातीची भांडी आली. १८८५ मध्ये लंडनच्या नाइट्सब्रिज भागात पैसे घेऊन दाखवायचं एक आख्खं जपानी खेडं उभं राहिलं. त्याच वर्षी 'मिकाडो' ही संगीतिका आली, जिचा जपानशी संबंध वेशभूषेपुरता. १८९६ मध्ये 'द गेशा' नावाची दुसरी आली. गेशा म्हणजे काय हे लंडनच्या पिटातल्या माणसाला एकही गेशा न बघता ठाऊक झालं होतं.

आणि हाराकिरी. १८६८ मध्ये कोबेच्या एका प्रकरणात एका जपानी अधिकाऱ्याला परदेशी प्रतिनिधींच्या समोर पोट फाडून मरण्याची शिक्षा झाली. मिटफर्ड या इंग्रज राजनैतिक अधिकाऱ्याने ते डोळ्यांनी पाहिलं आणि १८७१ मध्ये छापलं. वर्णन संयमी आहे, पण वाचणाऱ्याच्या मनात राहिलं ते रक्त. जपानने १८७३ मध्ये ही शिक्षा कायद्यातून काढली. पॅरिसला जाणारी मंडळी सत्तावीस वर्षांपूर्वी रद्द झालेली शिक्षा आपल्या देशाची ओळख म्हणून रोज तीनदा दाखवणार होती. १९०० मधल्या जपानकडे आगगाड्या होत्या, तारायंत्र होतं, संसद होती, आणि ती निवडणूक हरलेला माणूसच एंदोचं सोंग करत होता.

फुलरबाई

पॅरिसचा ठेका लोई फुलर यांचा. जन्माने अमेरिकन, पॅरिसमध्ये गाजलेल्या नर्तकी. रेशमाचे प्रचंड घोळ काठ्यांवर फिरवायचे आणि त्यावर विजेचे रंगीत झोत सोडायचे, हे त्यांचं तंत्र. प्रदर्शनाच्या आवारात, सेन नदीच्या काठी, त्यांनी स्वतःचं छोटं थिएटर बांधून घेतलं होतं. आरी सोवाज या तरुण वास्तुकाराने केलेलं. त्या प्रदर्शनाला सुमारे ५ कोटी लोक आले. आजूबाजूला तमाशांची गर्दी, प्रत्येक मंडपासमोर ओरडणारा माणूस, आणि फुलरबाईंना आपल्या नाचाच्या जोडीला असं काहीतरी हवं होतं जे शेजारच्या मंडपात नाही. ४ जुलै १९०० ला कावाकामी मंडळीचा पडदा उघडला.

फुलरबाईंची मागणी सरळ होती. लोकांनी हाराकिरीबद्दल वाचलंय, हाराकिरी दाखवा. ओतोजिरोने आढेवेढे घेतले, मग मान्य केलं, आणि एंदोने पोट फाडायला सुरुवात केल्यावर गर्दी वाढली. हकिगत अशी आहे.

इथे जरा थांबून ओतोजिरोच्या खुर्चीत बसून बघू. त्याच्यासमोर काय काय वाटा होत्या? एक, नाही म्हणायचं आणि मोंगाकूचा संन्यास ठेवायचा. पण संन्यास दाखवायचा कसा? डोकं भादरण्यामागे काय चाललंय ते संवादातून कळतं, आणि संवाद कोणालाच कळत नव्हते. न समजणाऱ्या भाषेत पश्चात्ताप करणारा माणूस म्हणजे नुसता उभा राहिलेला माणूस. पोटातला खंजीर मात्र कुठल्याही भाषेत कळतो. दोन, आपलं खरं काम दाखवायचं, म्हणजे ताज्या राजकारणावरची, कोटपाटलून घातलेल्या जपान्यांची नाटकं. ती बघायला पॅरिसचं कोणी फिरकलं असतं असं मला वाटत नाही. कोट घातलेला माणूस बघायला त्यांना आरसा पुरत होता. तीन, करार मोडून परत फिरायचं. बॉस्टनमध्ये दोन माणसं मागे ठेवून आलेल्या आणि घरी कर्ज असलेल्या मालकाला ती वाट नव्हतीच.

फुलरबाईंवर सगळं खापर फोडणं म्हणून सोपं पडतं. त्यांनी मागितलं हे खरं. पण संन्यासाच्या जागी हाराकिरी बसवता आली, कारण संन्यास आधीच दुबळा झाला होता. शब्द काढून टाकल्यावर गोष्टीत फक्त देह उरतो, आणि देहाला शेवटी करण्यासारखं फार थोडं असतं.

दोन चिंध्या, एक वस्त्र

मंडळीचा सगळ्यांत गाजलेला खेळ 'गेशा आणि योद्धा'. त्याची शिवण बघण्यासारखी आहे. पहिला तुकडा काबुकीतल्या 'सायाआते' या प्रवेशाचा. गणिकांच्या वस्तीत, योशिवारात, दोन योद्ध्यांच्या तलवारींची म्यानं एकमेकांना लागतात आणि त्यावरून ठिणगी पडते. दुसरा तुकडा दोजोजी मंदिराच्या नृत्यनाट्याचा. प्रेमात फसलेली बाई मंदिरात येऊन नाचते आणि नाचता नाचता तिच्यातलं भयानक रूप बाहेर येतं. या दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ओतोजिरोने पहिल्यातली गणिका दुसऱ्यातल्या मंदिरात पाठवली. तिचा योद्धा आपल्या वाग्दत्त वधूला घेऊन तिथे लपलाय, दारातले भिक्षू तिला आत सोडत नाहीत, ती त्यांच्यासमोर नाचून वाट मिळवते, मग केस मोकळे, अंगात वारं भरल्यासारखा थयथयाट, आणि शेवटी प्रियकराच्या हातात मरण. मारामारी, नाच, भराभर बदलणारे किमोनो, मत्सर, मृत्यू. अर्ध्या तासाच्या आसपास सगळं खलास.

काबुकीच्या जाणत्याला हे कसं दिसेल? कल्पना करा, कोणी 'सौभद्र'चा पहिला अंक घेतला, त्याला 'मानापमान'चा शेवट जोडला, पदं गाळली आणि भामिनीला शेवटी मारून टाकलं. शिवाय करणारे कुठल्याही घराण्याचे नाहीत. जपानमध्ये हा खेळ एक दिवस टिकला नसता. दोजोजीचं नृत्य ओन्नागातांच्या कसोटीचं. ते मोठ्या मंचावर एका गेशाने करणं हाच मोठा गहजब झाला असता.

पॅरिसला यातलं काही माहीत नव्हतं, आणि इथे प्रकरणाला वेगळं वळण लागतं. माहीत नसूनही त्यांना काहीतरी दिसलं. आंद्रे जीद या फ्रेंच लेखकाने सादायाक्कोला पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं आणि तिच्यावर लिहिलं. एकोणीस वर्षांच्या पिकासोने तिचं चित्र काढलं. दूझे ही इटलीची गाजलेली नटी, टीकाकार हिला जपानची दूझे म्हणू लागले, सारा बर्नहार्टसारख्या मोठ्या नटीच्या शहरात हे काही लहान बोलणं नाही. सगळेजण बोलत होते ते तिच्या मरण्याबद्दल. आरडाओरड नाही, छाती पिटणं नाही, चेहऱ्यावरून हळूहळू ओसरत जाणारं काहीतरी. तिकडच्या नटांच्या मरणाच्या प्रवेशांत भाषण असायचं, इथे भाषण काढून टाकलेलं होतं. जे अडचण म्हणून झालं ते शैली म्हणून वाचलं गेलं.

ही शैली काबुकीची होती का? थोडी. गेशाच्या नाचाची होती का? बरीच. उरलेली सादाची स्वतःची, अनोळखी लोकांसमोर शब्दांशिवाय रोज उभं राहून कमावलेली. प्रेक्षक तिला 'जपान' म्हणत होता. मला वाटतं, प्रेक्षकाची नजर बरोबर होती आणि त्याने लावलेलं लेबल चुकीचं. विचित्रपणाच्या ओढीचा हा एक त्रासदायक भाग आहे. या ओढीमुळे माणूस चांगलं ओळखतोसुद्धा, फक्त त्याचं श्रेय माणसाला न देता देशाला देऊन मोकळा होतो. ज्युदित गोतिए या लेखिकेने प्रदर्शनातल्या परदेशी सुरावटी, कावाकामी मंडळीच्या धरून, पुस्तिकांमध्ये छापल्या. मालिकेचं नाव होतं 'प्रदर्शनातली विचित्र संगीतं'. प्रेमाने केलेलं काम, आणि नावात 'विचित्र'.

बाजाराने मात्र लेबलच उचललं. सादायाक्कोच्या नावाचे किमोनो पॅरिसच्या बायका घरात घालू लागल्या. राष्ट्राध्यक्ष लुबे यांच्या एलिझे प्रासादातल्या उद्यानभोजनात मंडळीचा खेळ झाला. १९०१ मध्ये मंडळी पुन्हा आली आणि फुलरबाईंसोबत बर्लिन, व्हिएन्ना, सेंट पीटर्सबर्ग, मॉस्को, इटली असं वर्षभर फिरली. रशियात दिग्दर्शक मायरहोल्डने सादायाक्कोला पाहिलं. १९०२ मध्ये इटलीत चित्रकार पॉल क्लेने पाहिलं, आणि मिलानमध्ये संगीतकार पुचिनीने, जो त्या वेळी 'मादाम बटरफ्लाय'वर काम करत होता. त्या संगीतिकेतली जपानी बाईही शेवटी स्वतःला खंजिराने संपवते.

घरचे काय म्हणाले

जपानमध्ये अनेकांनी याला देशाची बेअब्रू म्हटलं. बाहेरचा माणूस, एक गेशा, तुकडे जोडून केलेलं सोंग, आणि युरोप त्याला आमचं नाटक समजतो! राग समजण्यासारखा आहे, पण त्याच्या दोन पदरांतला फरक करायला हवा. एक राग खोटेपणाचा, की हे काबुकी नव्हे. दुसरा राग नेमका उलटा, की आम्ही आगगाड्या आणि आरमार उभारतोय आणि तुम्ही परक्यांना गेशा आणि पोट फाडणं दाखवता. पहिल्याला वाटतं पुरेसं जुनं दाखवलं नाही, दुसऱ्याला वाटतं जुनं दाखवलंच का. हे दोन्ही राग एकाच माणसाच्या पोटात सुखाने नांदू शकतात. १९८० मध्ये 'घाशीराम कोतवाल' युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा नाना फडणवीसांचं हे रूप परक्यांना का दाखवायचं म्हणून आपल्याकडे वादंग झालं, कोर्टबाजी झाली. इथे वर्षानुवर्षं चाललेला प्रयोग विमानतळाच्या दिशेने निघाला की त्याचा अर्थ बदलतो. घरात बोललेलं आणि शेजाऱ्यासमोर बोललेलं.

ओतोजिरोने घरी परतून जे केलं ते या प्रकरणातलं माझ्या दृष्टीने सगळ्यांत बोलकं पान आहे, आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष जातं. फेब्रुवारी १९०३ मध्ये त्याने तोक्योत 'ऑथेल्लो' लावलं. नायक जपानी सेनापती, जागा नुकत्याच ताब्यात आलेल्या तैवानची. डेस्डेमोनाची तोमोने झाली, आणि ती केली सादायाक्कोने. मायदेशात नटी म्हणून तिची खरी सुरुवात ही. (गोविंद बल्लाळ देवलांचा 'झुंझारराव' याच्या तेरा वर्षं आधीचा, हे सांगितल्याशिवाय मराठी माणसाला राहवणार नाही.) या प्रकाराला ओतोजिरोने नाव दिलं सेइगेकी, म्हणजे साधारण 'निव्वळ नाटक'. त्याची व्याख्या काय? नाच नाही, गाणं नाही, फक्त संवाद.

हे नीट बघा. युरोपात त्याने संवाद काढून नाच ठेवला. जपानात आल्यावर नाच काढून संवाद ठेवले. तिकडे तो अस्सल जपान होता, इकडे अस्सल युरोप. दोन्हीकडे जे दुर्मीळ तेच त्याने मांडलं. आणि तिकडच्यासारखीच कापाकापी इकडेही केली. त्याच वर्षाच्या 'हॅम्लेट'मध्ये राजपुत्र सायकलवरून प्रवेश करतो, प्रेक्षकांमधून जाणाऱ्या हानामिची या वाटेवरून. सायकल म्हणजे पश्चिम, एका नजरेत. 'जगावं की मरावं' हे स्वगत मात्र गाळलेलं होतं. मोंगाकूचा संन्यास पॅरिसमध्ये गेला, हॅम्लेटचं स्वगत तोक्योत गेलं. दोन्ही ठिकाणी गेलं ते माणसाच्या आत चाललेलं काहीतरी, आणि आलं ते डोळ्यांना दिसणारं काहीतरी. जपानी प्रेक्षकाची विचित्राची भूक फ्रेंच प्रेक्षकाहून कमी नव्हती. फ्रेंच भुकेमागे आरमार आणि वसाहती असण्याचा फरक होता, तोही तैवानच्या बाबतीत मिटत चालला होता.

१९०८ मध्ये सादायाक्कोने तोक्योत नटींसाठी शिक्षणसंस्था काढली. बायकांनी नाटकात कामं करण्यावर वर्तमानपत्रांतून शेरेबाजी चालू असतानाच. तिथून शिकलेल्या मुली नव्या इंपीरियल थिएटरच्या मंचावर गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोस्टरवर एका ठेकेदाराने छापलेल्या चित्रापासून हा धागा निघतो, हे मला विलक्षण वाटतं. गंमत म्हणजे याला नाक मुरडणाऱ्यांत एक युरोपियनही होता. गॉर्डन क्रेग, नव्या रंगभूमीचा मोठा द्रष्टा, स्वतः एलन टेरीचा मुलगा. मंचावर बाई आणून सादायाक्को जपानी परंपरेचं नुकसान करते आहे, अशी तक्रार त्याने आपल्या 'द मास्क' या नियतकालिकातून केली. युरोपने स्वतः बदलायचं, जपानने मात्र जसंच्या तसं राहायचं.

घराण्याची काबुकी परदेशात गेली ती १९२८ मध्ये, इचिकावा सादांजी दुसरा याच्यासोबत मॉस्को आणि लेनिनग्राडला. तोवर अठ्ठावीस वर्षं युरोपच्या डोक्यात 'जपानी नाटक' म्हणून जे होतं त्याचा पाया फुलरबाईंच्या थिएटरात घातला गेला होता.

दुसरी बाई

सादायाक्को गेल्यावर फुलरबाईंना जागा भरायची होती. त्यांना सापडली ओता हिसा, १८६८ ची, अंगाने अगदी लहानखुरी, दुसऱ्या एका मंडळीत किरकोळ भूमिका करणारी. फुलरबाईंनी तिला मुख्य नटी केलं. मंडळीचे लोक कुरकुरले, कारण त्यांच्या लेखी ती कोणीच नव्हती. नाव बदललं, हानाको. खेळाचा शेवट बदलला, तिच्या मरणावर. इथे बदलायला मोंगाकू नव्हता, जुनी कथाच नव्हती. खेळ मरणापासून मागे रचत आणायचा. सादायाक्कोच्या वेळी जी तडजोड होती ती आता कृती झाली होती, पाककृतीसारखी.

१९०६ मध्ये मार्सेयच्या वसाहत-प्रदर्शनात फ्रेंच शिल्पकार रोदँने तिचं मरण पाहिलं आणि तिला बसायला बोलावलं. मंचावरची ती मरतानाची मुद्रा, डोळे वळलेले, जबडा आवळलेला, तिने त्याच्या कार्यशाळेत धरून ठेवायची आणि त्याने माती लावायची. पन्नासाहून जास्त शिल्पं त्याने तिची केली. इतर कुणाला इतक्यांदा घडवल्याचं दिसत नाही. सगळीच मरणाची नाहीत. काही डोकी शांत आहेत, काही विचारात, एखादं नुसतं थकलेलं. ती मुद्रा धरून धरून कंटाळल्यावर उरलेला चेहरा असावा तो.

१९१० मध्ये मोरी ओगाई या मोठ्या जपानी लेखकाने तिच्यावर आणि रोदँवर छोटी कथा लिहिली, तेव्हा जपानमध्ये तिचं नाव फार थोड्यांना माहीत होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिने लंडनमध्ये जपानी खाणावळ चालवली. १९२१ मध्ये ती कायमची परतली. रोदँने केलेली तिची दोन शिल्पं तिला मिळाली, ती जपानला आणवली. बाकीचं आयुष्य गिफूत काढलं. १९४५ मध्ये वारली, अंथरुणावर, सत्त्याहत्तराव्या वर्षी.